पळस फुलला, फोटो फसला: नागपुरातल्या वसंताचे रोजचे फोटो कसे काढायचे

फेब्रुवारी सरत आला की ओळखीतले चार-पाच जण तरी मला फोटो पाठवतात आणि सोबत एकच प्रश्न असतो: "पळस डोळ्यांना इतका सुंदर दिसत होता, फोटोत असा का आला?" फोटो जवळपास सारखेच. वर पांढरंफटक आभाळ, मधे काळ्या फांद्या आणि त्यांवर लाल-केशरी डाग. पाकळी कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, काही कळत नाही. किती वाजता काढला म्हणून विचारलं की उत्तरही ठरलेलं: "रविवारी पोहे खाऊन निघालो, दहा-साडेदहा झाले असतील."

यात फोनचा दोष फार कमी असतो. क्रम उलटा होतो. आधी फूल दिसतं, लगेच हात वर जातो, आणि उजेड कुठून येतोय, फुलामागे काय आहे, हे बघायचं राहून जातं. शिवाय वसंत म्हणजे वर्षातून एकदा काटोल रोडला गाडी काढून करायची सहल, असं आपण धरून चालतो. खरं तर तो दुधाची पिशवी आणायला जाताना लागणाऱ्या पिंपळावरच आलेला असतो.

हा लेख मुख्यतः फोनवर फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. कॅमेरा असलेल्यांसाठी सेटिंग त्या त्या ठिकाणी दिली आहेत. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे टाळून थेट चौथ्यावर गेलात तर पुन्हा तेच लाल डाग हाती येतील.

## १. आठवडाभर आधी: एकच वाट ठरवा

घरापासून पंधरा-वीस मिनिटांत जाऊन येता येईल अशी एक वाट निवडा. गाडी काढावी लागत असेल तर ती वाट चुकली, कारण चौथ्या दिवशी तुम्ही जाणार नाही. वाटेवर या चार गोष्टी असाव्यात:

- फुललेलं किंवा कळ्या धरलेलं एक झाड
- नवी पालवी फुटणारं एक झाड
- आभाळ मोकळं दिसेल अशी एक जागा: तलावाचा बांध, मैदान किंवा निदान घराची गच्ची
- माणसांची वर्दळ असलेला एक कोपरा: भाजीबाजार, चहाची टपरी, रसवंती

धरमपेठेत राहणाऱ्यांना गोकुळपेठेचा बाजार जवळ आहे. पश्चिम नागपुरात अंबाझरी आणि फुटाळा आहेत, सेमिनरी हिल्सचा झाडीचा भाग आहे. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत झाडं कमी, पण भिंती, ओटे आणि माणसं भरपूर, आणि वसंत तिथेही दिसतो. तो कसा, ते सातव्या टप्प्यात येईल.

पहिले दोन दिवस या वाटेवर फोटो न काढता फिरा. बघायचं एवढंच की सकाळचं ऊन कोणत्या झाडाला कोणत्या बाजूने लागतं. इथे मार्च महिना आपल्याला एक सोय करून देतो. २० मार्चच्या आसपास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. म्हणजे तुमची गल्ली पूर्व-पश्चिम असेल तर त्या दिवसांत सकाळचं ऊन गल्लीच्या एका टोकातून शिरून थेट दुसऱ्या टोकापर्यंत जातं. सावल्या लांब पडतात, ओट्यांच्या कडा उजळतात. उत्तर-दक्षिण गल्लीत त्याच वेळी फक्त गच्च्यांच्या कठड्यांवर ऊन असतं आणि खाली सावली. दोन्ही कामाचं आहे, पण आपली गल्ली कोणती ते आधी माहीत हवं.

कोणत्या झाडाकडे कधी बघायचं, त्याचा अंदाज असा:

- काटेसावर: फेब्रुवारीपासून. निष्पर्ण फांद्यांवर जाड, मांसल पाच पाकळ्यांची मोठी लाल फुलं. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो.
- पळस: फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. शहराबाहेर काटोल, उमरेड, रामटेककडच्या रस्त्यांना जास्त.
- आंब्याचा मोहोर: मार्चच्या सुरुवातीपर्यंत. नंतर बारीक कैऱ्या.
- पिंपळ आणि कडुलिंब: आधी पानगळ, मग मार्चमध्ये पालवी. कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं त्यामागोमाग.
- संत्र्याची बाग: आंबिया बहाराची (थंडी सरताना येणाऱ्या बहराची) फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आणि साधारण त्याच सुमारास बाजारात मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या बहराची) संत्री असतात. काटोल-नरखेडकडे कुणाची बाग असेल तर विचारून जा, आणि फुललेल्या फांदीला हात लावू नका.
- बहावा आणि गुलमोहर: यांची घाई नको. त्यांचं खरं काम एप्रिल-मेमध्ये आहे.

तपासा: चार जागा ठरल्या का? प्रत्येक जागी सकाळचं ऊन कोणत्या बाजूने येतं, हे डोळे मिटून सांगता येतं का? येत नसेल तर अजून एक फेरी मारा.

## २. वेळ: सूर्य वर चढायच्या आत

नागपुरात १ मार्चला सूर्योदय साडेसहाच्या थोडा पुढे होतो, २० मार्चला सुमारे सव्वासहाला आणि १ एप्रिलला सहा वाजून सात मिनिटांच्या आसपास. सूर्यास्त या सगळ्या काळात सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान असतो.

उगवल्यानंतर पहिल्या तासात सूर्य साधारण १४ अंश वर येतो. या तासात ऊन तिरपं आणि कोवळं असतं, रंग ऊबदार दिसतात, सावलीतही तपशील राहतो. दुसऱ्या तासात काम चालतं, पण माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडू लागतात. नऊनंतर मी फोन खिशात ठेवते. २० मार्चच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या पुढे सूर्य जवळजवळ ६९ अंशांवर असतो, म्हणजे डोक्यावरच. त्या उन्हात पळसाच्या वरच्या पाकळ्या पांढुरक्या आणि खालच्या काळ्या येतात, आणि एकाच फुलातला हा फरक नंतर दुरुस्त करता येत नाही.

सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी साडेपाचला निघा. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या बांधावरून सूर्य पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. तिथे सूर्याचाच फोटो काढायची सगळ्यांना घाई असते. मी त्याकडे पाठ करून उभं राहायला सांगेन, कारण त्या वेळी बांधावरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर जे ऊन पडतं ते दिवसभरातलं सर्वांत चांगलं असतं.

ढगाळ सकाळ आली तर घरी बसू नका. मार्चमध्ये इथे अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते. ढगांखालचा उजेड मऊ असतो आणि लाल फुलांचा तपशील त्यात सर्वांत चांगला येतो. फक्त आभाळ चौकटीत घेऊ नका.

सावधान: दुपारी फोन गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. आयफोन वापरताना हवेचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं, असं ॲपल स्वतः सांगतं, आणि आपली मार्चमधली दुपार ती मर्यादा सहज ओलांडते. तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, कधी कॅमेराच बंद करतो.

## ३. आदल्या रात्री: पाच मिनिटांची तयारी

१. लेन्स पुसा. चष्म्याच्या मऊ कापडाने. ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने नको. सकाळच्या फोटोंवर जो दुधाळ थर दिसतो तो बहुतेक वेळा धुकं नसून बोटांचं तेल असतं.

२. जागा रिकामी करा. निदान दोन जीबी मोकळी हवी.

३. ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या मदतरेषा, चालू करा. तलावाची रेघ तिरकी येणं त्याने थांबतं.

४. पोर्ट्रेट मोड आणि फिल्टर बंद. बारीक काटक्या, मोहोर, कडुलिंबाची पानं यांच्या कडा पोर्ट्रेट मोडला ओळखता येत नाहीत. अर्धी काटकी धूसर होते, अर्धी राहते.

५. व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग पिवळट की निळसर यायचे ते ठरवणारी सेटिंग): फोनमध्ये सोय असेल तर 'डेलाइट'वर ठेवा. 'ऑटो'वर फोन कोवळ्या उन्हाचा पिवळेपणा ही चूक समजून काढून टाकतो.

कॅमेरा असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटी, एफ ५.६ ते एफ ८, आयएसओ ऑटो, शटरची किमान मर्यादा १/२५०, आणि फाइल रॉ. वारा असेल तर १/५००.

पिशवीत पाण्याची बाटली, टोपी किंवा दुपट्टा, एक मऊ कापड. ट्रायपॉड नको. तो सोबत असला की आपण एकाच जागी खिळून राहतो.

## ४. झाडापाशी पोहोचल्यावर: फोन खिशातच

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

झाडापाशी थांबा आणि त्याला एक पूर्ण फेरी घाला. फेरी घालताना फूल बघायचं नाही, फुलाच्या मागे काय येतं ते बघायचं. विजेच्या तारा, पांढरं आभाळ, उन्हातली पांढरी भिंत, जाहिरातीचा फलक यांतलं काहीही मागे आलं की फूल हरतं. मागे हवी सावली: सावलीतली भिंत, दाट आंबा, काळपट खोड, किंवा सूर्याच्या विरुद्ध बाजूचं गडद निळं आभाळ. पांढरं आभाळ आणि निळं आभाळ एकाच सकाळी, एकाच झाडाजवळ मिळतं. फरक फक्त तोंड कुठे आहे याचा. सूर्याच्या दिशेने बघाल तर आभाळ पांढरं, सूर्य पाठीशी घ्याल तर निळं.

मग उंची ठरवा. पळसाचं झाड फार उंच नसतं, खालच्या फांद्या बऱ्याचदा डोळ्यांच्या रेषेत असतात. शेंड्यावरच्या फुलांचा मोह सोडा. डोळ्यांच्या रेषेतल्या फांदीमागे जमीन, गवत, दूरची झाडं येतात आणि आभाळाचा प्रश्नच मिटतो.

आता एक घोस निवडून जवळून नीट बघा. पळसाची कळी गडद तपकिरी, मखमली असते, हात लावला तर मुलायम लागते. त्या काळपट कपातून केशरी पाकळी बाहेर येते. फुलाला पाच पाकळ्या असतात आणि त्यांतल्या खालच्या जोडीचा बाक थेट पोपटाच्या चोचीसारखा असतो. पाकळीवर बारीक लव असते. तिरप्या उन्हात ही लव चांदीसारखी चमकते, आणि ती फोटोत आली तरच तो फोटो पळसाचा वाटतो. नाही आली तर उरतो केशरी कागद. माझ्या दृष्टीने पळसाच्या फोटोची परीक्षा एवढीच आहे.

तपासा, तीन प्रश्नांत: ऊन कोणत्या बाजूने आहे? मागे काय आहे? मला नेमकं काय दाखवायचं आहे: झाड, फांदी की फूल? तिसऱ्याचं उत्तर "सगळंच" असेल तर अजून थांबा.

सावधान: मोठ्या झाडाखाली उभं राहण्याआधी वर बघा. फुलोऱ्याच्या दिवसांत उंच फांद्यांना आग्या मोहोळ लटकलेलं असू शकतं. दिसलं तर आवाज न करता दूर व्हा. त्या झाडाचा फोटो नको.

## ५. लाल-केशरी फुलांचं एक्स्पोजर

कॅमेरा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत मोजतो. पळस किंवा काटेसावर उन्हात असताना लाल भाग सर्वांत आधी काठोकाठ भरतो. एकूण फोटो फार उजळ वाटत नाही, म्हणून फोनही सावध होत नाही, पण लाल भरून वाहिलेला असतो. भरलेल्या भांड्यात जसा आणखी घोट मावत नाही, तसा त्या पाकळीत पुढचा तपशील मावत नाही. लाल डाग येतो तो असा.

उपाय सोपा आहे, फक्त दर वेळी करायला हवा:

१. स्क्रीनवर फुलाच्या सर्वांत उजळ पाकळीवर बोट टेकवा.
२. बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ यायचा ते) तिथे पक्कं होतं. काही फोनमध्ये त्यासाठी कुलपाचं चिन्ह दाबावं लागतं.
३. बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोटो थोडा काळोखा वाटेपर्यंत ओढा आणि मग किंचित वर आणा.
४. तीन फोटो घ्या: एक असाच, एक आणखी थोडा गडद, एक थोडा उजळ.

कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ पासून सुरू करा आणि हिस्टोग्राममधला (फोटोतल्या उजेडाच्या आलेखातला) लाल आलेख वेगळा बघा. तो उजव्या भिंतीला टेकला की अजून खाली या.

आता अशी एक चूक, जी मी स्वतः दोन वसंत करत राहिले. उन्हात उभं असताना स्क्रीन नेहमी अंधुकच दिसते. मला वाटायचं फोटो काळा येतोय, म्हणून मी सूर्याचं चिन्ह वर ढकलायची. घरी सावलीत उघडले की सगळे फोटो उडालेले. तेव्हा उन्हात स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. फोन ओंजळीत, स्वतःच्या सावलीत धरून एकदा बघा, मग ठरवा.

जवळ जाण्याबद्दल: बऱ्याच फोनमध्ये फुलाच्या अगदी जवळ गेलं की कॅमेरा आपोआप रुंद लेन्सवर जातो आणि फुलाचा आकार वेडावाकडा होतो. दोन पावलं मागे या आणि दोनपट लेन्स वापरा. चिमटीने आठ-दहापट झूम करू नका, त्यातून पाकळीची लव नाही, फक्त चिखल मिळतो.

पळसावर आणि काटेसावरीवर सकाळी पक्ष्यांची झुंबड असते: मैना, बुलबुल, कोतवाल, इवला शिंजीर, सोबत खारी. फोनने पक्षी मोठा मिळणार नाही, हे आधीच मान्य करा. फुलांनी भरलेली पूर्ण फांदी चौकटीत घ्या, एक्स्पोजर पक्कं करा आणि वाट बघा. पक्षी चौकटीत आला की सलग दहा-बारा फोटो. पक्ष्याच्या मागे धावू नका, तो त्याच फांदीवर परत येतो.

## ६. नवी पालवी: उजेड पानातून येऊ द्या

फुलांना ऊन समोरून किंवा बाजूने चालतं. पालवीला ते मागून हवं. हा फरक विसरला की पिंपळाची कोवळी पानं प्लॅस्टिकसारखी चकचकीत येतात.

पिंपळाचं नवं पान पहिल्या दिवसांत तांबूस-गुलाबी असतं, इतकं नाजूक की स्वतःच्या भाराने खाली लोंबतं. लांब शेपटीसारखं टोक जमिनीकडे रोखलेलं असतं. सूर्य त्या पानाच्या मागे येईल असं उभं राहिलं की पान पेटल्यासारखं उजळतं, मधली शीर आणि तिच्यापासून फुटणाऱ्या बारीक शिरांची पूर्ण जाळी दिसते. याच्या मागे सावलीतली भिंत किंवा गडद खोड असेल तर बाकी काही करावं लागत नाही.

क्रम असा:

- पान तुमच्या आणि सूर्याच्या मधे आणा, पण सूर्य स्वतः चौकटीत नको. खोडाच्या किंवा फांदीच्या आड लपवा.
- डाव्या हाताने लेन्सवर सावली धरा, टोपीच्या झापेसारखी. नाहीतर फोटोवर पांढरी झळ येते.
- उजळलेल्या पानावर बोट टेकवा, एक्स्पोजर खाली ओढा. मागची सावली काळी होऊ द्या, व्हायलाच हवी.
- वारा थांबायची वाट बघा. पिंपळाचं पान जरा हवेने हलतं. दोन झुळकांमध्ये क्षणभराची शांतता असते, तेव्हा सलग चार-पाच फोटो घ्या.

पालवीला उद्या हा शब्द चालत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा पिंपळ एका वर्षी गुरुवारी पूर्ण तांबूस झाला होता. मी म्हटलं, रविवारी निवांत काढू. रविवारपर्यंत निम्मी पानं पोपटी झाली होती आणि पुढच्या आठवड्यात झाड नेहमीसारखं हिरवं. तो रंग वर्षभरासाठी गेला. रोजची वाट ठरवा असं मी सुरुवातीला सांगितलं ते याच कारणाने.

म्हणून पालवीच्या झाडासाठी एक वेगळं काम: रोज एकाच जागेवरून एक फोटो. उभं राहायची जागा फरशीच्या भेगेवरून किंवा खांबावरून लक्षात ठेवा, लेन्स एकपट, फोन आडवा. कालचा फोटो उघडून चौकट जुळवून घ्या. पंधरा दिवसांत पानगळ, काटक्या, तांबूस, पोपटी, हिरवं असं सगळं समोर येतं. सुटा असा यातला एकही फोटो खास नसतो. ओळीने ठेवले की नजर हटत नाही.

## ७. माणसं, गच्च्या, बाजार

वसंत फक्त झाडांवर येत नाही. नागपुरात तो कूलरच्या नव्या खशीत दिसतो, रस्त्याकडेला रचलेल्या माठांत दिसतो, टरबुजांच्या ढिगात, रसवंतीच्या घुंगरांत, स्कूटरवरच्या मुलींच्या चेहऱ्याभोवती गुंडाळलेल्या दुपट्ट्यांत आणि गच्चीवरच्या वाळवणात. महाल-इतवारीत राहणाऱ्यांनी हेच टिपावं.

माणसांच्या बाबतीत क्रम झाडांपेक्षा वेगळा आहे: आधी बोलणं, मग फोटो. लपून काढलेल्या फोटोत माणूस पाठमोरा, अर्धवट किंवा चिडलेला येतो, आणि ते योग्यही नाही. एका माठवालीला मी विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का?" तर म्हणाली, "काढ ना बाई, पण माठासंग काढ. माही एकटीचा काय काढतं!" तिने स्वतःच एक माठ मांडीवर घेतला आणि आवाज बघायला बोटाने टिचकी मारली. फोटो त्या टिचकीचा आहे. मी काही न बोलता काढला असता तर ती टिचकी मिळाली नसती.

माठ, टरबूज, वाळवण यांचे फोटो सहसा वरून घेतले जातात आणि सपाट येतात. खाली बसा. सकाळचं ऊन बाजूने येत असेल तर प्रत्येक माठाला एक उजळ आणि एक सावलीची बाजू मिळते, गोलाई दिसते. कुरड्यांचं वाळवण मात्र सूर्यासमोर तोंड करून, खालच्या कोनातून काढा. ओल्या कुरडईतून ऊन आरपार येतं आणि कडा काचेसारख्या दिसतात. त्या सुकायला लागल्या की ही चमक जाते, म्हणून घालताघालताच फोटो घ्या. साडीवर किंवा प्लॅस्टिकवर तुमची सावली पडू देऊ नका, गच्चीवरच्या बायका आधी त्यावरूनच ओरडतील.

सावधान: लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारून, आणि तो कुठे टाकायचा असेल तर तेही विचारून. सीताबर्डीचा किल्ला, वायुसेनानगर, कामठी छावणी या लष्करी भागांच्या दिशेने कॅमेरा रोखू नका. मेट्रो स्थानकात आधी कर्मचाऱ्यांना विचारा.

## ८. होळीच्या दिवशी

थोडक्यात सांगते. फोन पारदर्शक पिशवीत घालून रबर लावा आणि लेन्सच्या जागी प्लॅस्टिक ताणून धरा. सुरकुती आली की फोटो धूसर. धुळवडीच्या धांदलीपेक्षा आधीचे दोन दिवस फोटोंसाठी मला जास्त आवडतात: दुकानांत लटकलेल्या साखरेच्या गाठ्यांच्या माळा, हातगाडीवर गुलालाचे शंकू, घरी रंगासाठी भिजत घातलेली पळसफुलं.

कोरडा रंग लेन्सवर पडला तर आधी फुंकर किंवा मऊ ब्रश. ओलं कापड लावलं की त्याचा चिखल होतो आणि घासताना काचेवर चरे पडतात.

## ९. घरी आल्यावर: त्याच दिवशी निवड

नाश्त्याच्या आधी हे उरका. साठवून ठेवलं की निवड कधीच होत नाही.

१. पहिली चाळणी: हललेले, फोकस चुकलेले लगेच पुसा.
२. दुसरी चाळणी: एकाच गोष्टीचे पाच असतील तर एक ठेवा. चाळीस काढले तर चार उरले पाहिजेत. हे जड जातं, तरी करा.
३. दुरुस्ती: आधी चौकट सरळ, मग काटछाट, मग उजळ भाग थोडे खाली, सावल्या किंचित वर. एवढंच. लाल फुलांच्या फोटोत रंग गडद करायची पट्टी हलवू नका. पाचव्या टप्प्यात वाचवलेला सगळा तपशील त्या एका पट्टीने जातो. उलट लाल थोडा कमी केला तर पाकळीच्या शिरा वर येतात.
४. नाव आणि जागा: फोल्डरला तारीख द्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. सोबत एक ओळ: "पळस, कळ्या जास्त, फुलं थोडी." पुढच्या वर्षी कधी निघायचं ते या ओळींवरूनच कळतं.
५. दोन प्रती: एक फोनमध्ये, एक बाहेर.

कुटुंबाच्या ग्रुपवर व्हॉट्सॲपने पाठवताना फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोठ्या काकांना तो फोन फिरवून, मोठा करून बघायचा असतो.

तपासा, आठवड्यातून एकदा: सात दिवसांचे निवडक फोटो एकत्र उघडा. सगळे एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून काढलेले दिसतात का? मग पुढचे सात दिवस एक नियम घाला: रोज एक फोटो गुडघ्यावर बसून आणि एक दहा पावलं मागून. नुसतीच फुलं आहेत का? मग दोन दिवस झाडांकडे बघूच नका, गच्ची आणि बाजार करा.

एप्रिल लागला की गजर मागे घ्यायला लागा. महिन्याच्या अखेरीस सूर्य पावणेसहालाच वर येतो आणि आठ वाजता ऊन टोचायला लागतं, तेव्हा साडेपाचला दाराबाहेर असायला हवं. पळस तोवर पानांनी भरलेला असेल, पिंपळ गर्द असेल. त्याच वाटेवर एखादा बहावा आहे का, ते आताच बघून ठेवा. त्याच्या कळ्यांचे हिरवे घोस लोंबायला लागले की पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.